गाडी आपली, नंबर सर्वांचा





हंगाम सुरू झाला की संध्याकाळच्या वेळी केनयार्डाच्या कडेला उभे राहून येणारी-जाणारी वाहने पाहणे ही आमची जुनी सवय आहे. बैलगाड्या आता थोड्या राहिल्या. ट्रॅक्टर वाढले, ट्रक वाढले आणि त्यांच्या जोडीने सभासदांच्या मोटारी व फटफट्याही वाढल्या. याचा आम्हाला आनंदच आहे. ज्यांच्या आजोबांनी पायपीट करून शेअरची रक्कम भरली, त्यांचे नातू वार्षिक सभेला स्वतःच्या मोटारीतून येतात, यात सहकाराचेही थोडे यश आहेच. कोणाच्या गाडीकडे पाहून नाक मुरडावे म्हणून आम्ही हे लिहीत नाही.

पण यंदा आम्ही गाड्यांपेक्षा त्यांच्या पुढच्या नंबरप्लेटींकडे जास्त पाहिले. पाहिले म्हणजे वाचण्याचा प्रयत्न केला. एका जीपवर वळणदार अक्षरांत 'दादा' लिहिलेले. जवळ जाऊन पाहावे तर तो ४१४१ निघाला. इंग्रजी चाराला जरा वळण दिले की 'द' होतो, एकाचा काना होतो, झाला दादा! दुसऱ्या गाडीवर २१४ चा 'राम'. तिसरीवर ८०५५ चा इंग्रजी 'बॉस'. एका मोटारसायकलच्या पाटीवर मधोमध वाघाचा चेहरा आणि नंबर कोपऱ्यात मुंगीएवढा. एका नव्या कोऱ्या मोटारीला पुढे लोखंडी गार्ड आणि पाटी त्याच्या आड. एका पोराने तर पुढची पाटी काढूनच ठेवली होती. विचारले तर म्हणाला, "काका, पाटी लावली की गाडीचं तोंडच खराब दिसतंय."

हौसेला मोल नसते हे आम्हालाही कळते. आमच्याही तरुणपणी सायकलला दोन्हीकडे आरसे आणि मागे गोंडे लावून मिरवणारे आम्हीच होतो. पण सायकलचे गोंडे आणि मोटारीचा नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक आपल्या पोरांना कोणी समजावून सांगितलेला दिसत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

काट्यावरची पावती

आपल्या कारखान्याचा हिशेब कशावर चालतो? काट्यावर. भरलेले वाहन काट्यावर येते, वजन होते. गव्हाणीला ऊस खाली झाला की रिकाम्या वाहनाचे वजन होते. वजा जाता राहील तो ऊस. पावतीवर सभासदाचे नाव, गट आणि वाहनाचा नंबर पडतो. त्या नंबरावरून तोडणी-वाहतुकीचे बिल निघते, आणि उद्या काही तक्रार झाली तर त्याच नंबरावरून शोध लागतो.

आता समजा, एखाद्या चिटबॉयने वाहनाच्या नंबराच्या रकान्यात नुसते 'दादा' असे सुंदर अक्षरात लिहून दिले. चालेल का आपल्याला? वाहतूकदार दुसऱ्याच दिवशी शेती ऑफिसच्या दारात येऊन उभा राहील. "साहेब, माझं बिल कुणाच्या नावावर गेलं?" आणि त्याचे काही चुकले असे कोणी म्हणणार नाही.

रस्त्यावरचा नंबर हीसुद्धा अशीच पावती आहे. फरक एवढाच की काट्याची पावती आपल्या खिशात राहते आणि ही पावती रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला दाखवायची असते. गाडीची मालकी आपली असली तरी नंबर आपल्यासाठी नसतोच. आपल्याला आपली गाडी ओळखू येतेच. नंबर असतो तो न ओळखणाऱ्यासाठी.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याआधी १९३९ चा कायदा होता. जुन्या सभासदांना आठवत असेल, तेव्हा नंबरात तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे आकडे असत. नव्या कायद्याबरोबर 'एमएच' आले, आणि जिल्ह्याचे आकडे आले. कोल्हापूरला ०९, सांगलीला १०, साताऱ्याला ११, सोलापूरला १३. "कुठलं पासिंग आहे?" असे आपण विचारतो ते तेव्हापासून.

या कायद्याचे कलम ३९ सांगते की नोंदणी केल्याशिवाय आणि नोंदणीचा क्रमांक ठरवून दिलेल्या पद्धतीने लावल्याशिवाय वाहन रस्त्यावर आणता येणार नाही. हे शब्द नीट वाचावेत. नुसती नोंदणी असून भागत नाही, नंबर ठरल्या पद्धतीनेच दिसला पाहिजे. ही पद्धत कोणती, ते केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० आणि ५१ यांत दिले आहे.

थोडक्यात सांगायचे तर असे. पाटी पुढे एक आणि मागे एक, अशी दोन्हीकडे हवी. अक्षरे इंग्रजी आणि आकडे आपण इंग्रजी म्हणतो तेच. खाजगी वाहनाला पांढऱ्यावर काळी अक्षरे, भाड्याने चालणाऱ्याला पिवळ्यावर काळी, विजेवर चालणाऱ्याला हिरवी पाटी. मोटारीच्या पाटीवरचे अक्षर ६५ मिलिमीटर उंच, त्याची जाडी १० मिलिमीटर आणि दोन अक्षरांत १० मिलिमीटर अंतर. ७० सीसी व त्यावरच्या मोटारसायकलच्या पुढच्या पाटीवर अक्षराची उंची ३० मिलिमीटर, जाडी ५ आणि अंतर ५. मागच्या पाटीवर रात्री पांढरा दिवा असा हवा की १५ मीटरवरून नंबर वाचता यावा. नक्षी, चित्र, नाव, घोषणा यांना पाटीवर जागा नाही. देवाचे नाव असो, पुढाऱ्याचे असो किंवा आपल्या लेकीचे असो, नियम एकच.

नियम मोडला तर काय? कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १५०० रुपयांपर्यंत दंड होतो. पण प्रकरण कलम ३९ च्या भंगात गेले तर कलम १९२ लागते. त्यात पहिल्या वेळी २००० ते ५००० रुपये, आणि पुन्हा तोच गुन्हा झाला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा ५००० ते १०,००० रुपये दंड सांगितला आहे. आणि हौसेच्या पुढे जाऊन दुसऱ्याचाच नंबर लावला, तर तो मोटार कायद्यापुरता विषय राहत नाही, फसवणूक आणि बनावटीची कलमे लागतात. रेडियमवाला शंभर-दोनशे रुपये घेऊन मोकळा होतो. उत्तर द्यावे लागते ते गाडीमालकाला.

पुढची पाटी कशाला?

"मागं आहे की नंबर, पुढं कशाला?" हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला. एका सभासदाचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याने घरी सांगितले म्हणे, की तिकडे काही राज्यांत पुढे पाटी लावावीच लागत नाही. ते खरे आहे. फ्लोरिडा, पेन्सिल्व्हेनिया अशा काही राज्यांत मागची एकच पाटी चालते. पण तिकडच्या एका राज्याचा नियम आपल्या तालुक्यात चालत नाही, आणि तिकडेही जी एक पाटी असते ती वाचता यावीच लागते.

आपल्याकडे पुढच्या पाटीचे कारण आपल्याच रस्त्यावर उभे राहिले की कळते. समोरून येणारे वाहन माणसाला आधी पुढून दिसते. धडक समोरून बसली तर पडलेल्या माणसाच्या डोळ्यापुढे असते ती पुढचीच पाटी. आणि आपल्या उसाच्या ट्रॅक्टरचे तर विशेषच आहे. मागे दोन ट्रेलर जोडले, त्यावर उसाच्या मोळ्या रचल्या, की ट्रॅक्टरची मागची पाटी कोणाच्या बापाला दिसणार? ट्रॅक्टरची ओळख राहते ती एकट्या पुढच्या पाटीवर. ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र नंबर असावा लागतो, पण त्याच्या पाटीवर चिखलाचा थर आणि वर लोंबणारे वाढे. म्हणजे आपले वाहन पुढून 'राम' आणि मागून हिरवळ! मग ओळखायचे कसे?

शिवाय आता नुसती माणसेच नंबर वाचतात असे नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ सालापासून जागोजागी कॅमेरे बसले आहेत, इतर रस्त्यांवरही बसत आहेत. कॅमेरा नंबर वाचतो आणि चलन मोबाईलवर येते. कॅमेऱ्याला 'दादा' कळत नाही. वाकड्या-तिकड्या आकड्याचा तो काहीतरी दुसराच आकडा लावतो, आणि कधीही गाव न सोडलेल्या एखाद्या गरिबाच्या नावावर दंड निघतो. आपली हौस आणि भुर्दंड दुसऱ्याला, हा कुठला न्याय?

एक प्रसंग

गेल्या हंगामातली गोष्ट. रात्रपाळी संपवून पहाटे सायकलवरून घरी निघालेल्या एका कामगाराला रस्त्याच्या वळणावर समोरून आलेल्या जीपने उडवले. जीप थांबली नाही. आम्ही बातमी कळताच तिथे पोचलो. माणूस शुद्धीवर होता. त्याला विचारले, "नंबर बघितलास का?" तो म्हणाला, "दादा लिहिलं होतं."

पाठीमागून दोघे जण येत होते, त्यांनीही पाटी पाहिली होती. एक म्हणाला ४१४१, दुसरा म्हणाला ४७४७ असावा. आधीची अक्षरे कोणालाच सांगता आली नाहीत, कारण ती बारीक करून वरच्या कोपऱ्यात घातलेली होती.

वाचकहो, इथेच खरी मेख आहे. ४१४१ हा काही पूर्ण नंबर नव्हे. राज्याचे अक्षर, जिल्ह्याचा आकडा, मालिकेची अक्षरे आणि शेवटचे चार आकडे मिळून नंबर होतो. एक मालिका संपली की दुसरी सुरू होते, आणि प्रत्येक मालिकेत ४१४१ एकदा येतोच. एका जिल्ह्यात असे किती दादा असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. हौशी माणूस शेवटचे चार आकडे मोठे करतो आणि आधीची अक्षरे बारीक करतो. म्हणजे जे हजारांत एकटे ओळखू येते ते लपवतो, आणि जे अनेकांकडे असते ते मिरवतो.

ती जीप सापडली नाही. त्या कामगाराच्या पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले होते. चार महिने तो घरी बसला. बायको दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली. आम्ही त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याने कोणाला शिव्या दिल्या नाहीत. एवढेच म्हणाला, "नंबर साधा असता तर वाचला असता की हो मी. शाळा शिकलोय तेवढी."

हे वाक्य आम्हाला विसरता येत नाही.

यामागचा कायदा सभासदांनी समजून घ्यावा. वाहन सापडले तर जखमीला किंवा मृताच्या वारसांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येते. तिथे वय, कमाई, अपंगत्व, घरात खाणारी तोंडे हे सगळे पाहून भरपाई ठरते, आणि गाडीचा विमा असेल तर ती विमा कंपनी देते. पण वाहन कोणते हेच कळले नाही तर? तर शासनाच्या योजनेतून ठराविक रक्कम मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ही रक्कम मृत्यूसाठी २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहे. त्याआधी ती २५ हजार आणि साडेबारा हजार होती. कमावता माणूस गेला आणि हातात आले दोन लाख! नंबर वाचता येणे आणि न येणे यात एका कुटुंबाचे आयुष्य असते ते असे.

ज्यांनी त्यांनी आपल्या मनाला विचारावे. आपल्या घरचा माणूस त्या सायकलवर असता तर 'दादा' वाचून आपल्याला कौतुक वाटले असते का?

लोकांचे म्हणणे

या विषयावर आम्ही चहाच्या टपरीवर, गटात, देवळाच्या पारावर बऱ्याच जणांशी बोललो. त्यांचे म्हणणे टाळून जाणे बरे नव्हे.

काही जण म्हणाले, "आम्ही पैसे भरून नंबर घेतलाय. मग लिहू की आमच्या मनासारखा." पसंतीचा नंबर पैसे भरून घेता येतो हे खरेच. २०२४ साली शासनाने त्याचे दर वाढवले, चारचाकीच्या ०००१ ला पाच लाख रुपये आणि जास्त मागणीच्या शहरांत त्याहूनही अधिक. ज्याला परवडते त्याने खुशाल घ्यावा, तो पैसा सरकारच्या तिजोरीतच जातो. पण पैसे भरले ते नंबर मिळवण्याचे, बदलण्याचे नव्हेत. जास्त शेअर्स घेतले म्हणून कोणा सभासदाला काट्यावरचे वजन आपल्या मनाने लिहिता येते का? तसेच हे.

दुसरे म्हणणे मराठीचे. "महाराष्ट्रात राहून नंबर मराठीत लिहिला तर दंड कशाला?" हे ऐकून आमचेही रक्त क्षणभर सळसळले. मराठीचा अभिमान आम्हाला कोणापेक्षा कमी नाही. हे पत्रक पहिल्या अंकापासून मराठीतच निघते. पण जरा विचार करा. हंगामात सीमेपलीकडचे ट्रक आपल्याकडे येतात. त्यांनी आपापल्या अभिमानाने कन्नडमध्ये नंबर लिहिले, तर आपल्या गेटवरचा माणूस काय वाचणार? आपला गूळ, आपली साखर घेऊन आपली वाहने चार राज्यांत जातात. तिथल्या पोलिसाने, तिथल्या वाटसरूने आपला नंबर कसा वाचायचा? सगळ्या देशाने एकच लिपी ठरवली ती एवढ्यासाठी. मराठी मिरवायची तर ट्रकच्या फाळक्यावर मिरवा, तिथे सुंदर ओव्या आणि म्हणी लिहायला भरपूर जागा आहे. पाटीची चार बोटे जागा सोडून द्या.

तिसरे म्हणणे आम्हाला सर्वांत जास्त पटले. एक म्हातारे सभासद म्हणाले, "अहो, पोरं कुणाचं बघून शिकली? मोठ्यांच्याच गाड्या बघा की. पुढारी आला की पाटी बघायची कुणाची छाती होतीय? दंड होतोय तो फटफटीवाल्या पोराला." याला उत्तर नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, असा कायदा चालवला तर कोणी तो मानणार नाही. आमचे स्पष्ट मत आहे की सुरुवात वरूनच झाली पाहिजे. कारखान्याच्या आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांतही पाटीच्या जागी पदाची फळी आणि नंबर तिच्या आड, असे आम्ही स्वतः पाहिले आहे. पद लोकांनी दिलेले असते. लोकांना आपला नंबर वाचू न देणे हे पदाला शोभत नाही.

नवी पाटी आणि खरी तक्रार

आता 'एचएसआरपी' म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटीविषयी. ही ॲल्युमिनियमची असते. डाव्या वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचे चकाकणारे चिन्ह, डाव्या बाजूला निळ्या अक्षरांत देशाचे इंग्रजी संक्षिप्त नाव आणि पाटीवर लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. ती विशिष्ट लॉकने बसवतात. एकदा काढली की ते लॉक मोडते, पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे चोराने गाडीची पाटी बदलायची म्हटली तर ते लपत नाही. केंद्राने २००१ साली नियमांत ही तरतूद केली, आणि १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना ही पाटी कारखान्यातून किंवा विक्रेत्याकडूनच लावून येऊ लागली.

त्याआधीच्या वाहनांनाही ती बसवण्याची सक्ती महाराष्ट्रात झाली, आणि २०२५ सालात तिची मुदत पुनःपुन्हा वाढवावी लागली. दर ठरले ते दुचाकी व ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५०० आणि इतर वाहनांना ७४५, शिवाय त्यावर जीएसटी. आमच्या सभासदांनी यावर बरीच कुरकूर केली, आणि सगळी कुरकूर खोटी नव्हती. नोंदणी मोबाईलवरून करायची, ते जमत नाही. तारीख मिळते ती लांबच्या गावची. ट्रॅक्टर रानात नांगरटीला, आणि पाटीसाठी तो घेऊन जायचा तर डिझेल पाटीपेक्षा महाग. मुदत वाढत गेली त्यामुळे ज्याने वेळेवर बसवली तो मूर्ख आणि ज्याने चालढकल केली तो शहाणा ठरला. हे योग्य झाले नाही असेच आम्ही म्हणू.

पण या रास्त तक्रारीच्या आडून हौस सोडून देण्याचे टाळू नये. काही रेडियमवाले निळी अक्षरे आणि चक्राचे चिकटपत्र लावून 'एचएसआरपीसारखी' पाटी विकतात. ती एचएसआरपी नव्हे, तिला लेसरचा क्रमांक नसतो. काही जण खरी पाटी घरी खुंटीला टांगतात आणि गाडीवर 'बॉस' लावून फिरतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा म्हणतात ते हेच. पाटी मोडली, वाकली तर अधिकृत ठिकाणाहूनच बदलून घ्यावी.

आमची सूचना

नुसता उपदेश करून आम्ही थांबलो तर उचलली जीभ लावली टाळ्याला असे होईल. म्हणून संचालक मंडळापुढे आणि सभासदांपुढे काही सूचना ठेवतो.

पहिली सूचना. कारखान्याच्या मालकीची सर्व वाहने आणि पदाधिकाऱ्यांची आवारात येणारी वाहने यांच्या पाट्या आधी नियमाप्रमाणे कराव्यात. पदाची फळी पाटीसमोरून काढावी. हे झाल्याशिवाय बाकीच्यांना काही सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही.

दुसरी. तोडणी-वाहतुकीचा करार करतानाच ट्रॅक्टर, ट्रक आणि प्रत्येक ट्रेलरची पाटी पाहावी. वाचता न येणाऱ्या पाटीला केनयार्डात टोकन देऊ नये. ट्रेलरच्या मागे नंबराबरोबर लाल रिफ्लेक्टर आहेत की नाही हेही त्याच वेळी पाहावे. अंधारात ट्रेलरवर येऊन आदळणारे फटफटीवाले आपलेच लोक असतात.

तिसरी. पाट्या बसवणाऱ्यांना गटागटात बोलावून शिबिरे घ्यावीत. नोंदणीचा अर्ज भरून द्यायला गट ऑफिसात एक माणूस बसवावा. डिझेल वाचेल, दिवस वाचेल, आणि तक्रारीला जागा उरणार नाही.

चौथी सूचना वाहनचालक बांधवांना. यार्डात रांगेत तासन् तास थांबावे लागते. तेवढ्या वेळात एक ओले फडके घेऊन पुढची-मागची पाटी पुसून घ्यावी. याला पैसे लागत नाहीत.

आणि शेवटची सूचना घरातल्या वडीलधाऱ्यांना. पोराने नवी गाडी आणली की आपण हळद-कुंकू लावतो, नारळ फोडतो, पेढे वाटतो. त्याच वेळी पाटीकडे एक नजर टाकावी. नंबर चार पावलांवरून चष्म्याशिवाय वाचता आला तर पेढा खावा. नाही आला तर म्हणावे, "बाळा, आधी ही पाटी बदलून आण." पोलिसाच्या पावतीपेक्षा घरच्या शब्दाला वजन जास्त असते, हा आमचा अनुभव आहे.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, ऊसदर, उतारा, पाणी, मजुरी असे मोठे प्रश्न पडले असताना हे काय पाटीचे घेऊन बसलात? त्यांना आम्ही त्या कामगाराच्या घरी नेऊ. तो आता काठी घेऊन चालतो. पुन्हा कामावर येतो, पण सायकलवर बसत नाही. गेटवर उभा राहिला की येणाऱ्या प्रत्येक गाडीची पाटी तो मोठ्याने वाचतो. कोणी त्याला हसते, कोणी वेडा म्हणते. ज्याचे जळते त्यालाच कळते. त्याला वाचता येईल असा नंबर आपल्या गाडीवर असावा, एवढेच आमचे मागणे आहे.

गाडी आपल्या घामाच्या पैशाची आहे, तिला सजवा, धुवा, पुसा, दसऱ्याला झेंडूच्या माळा घाला. पाटी मात्र साधी ठेवा. माळा घालतानाही तेवढी एक जागा मोकळी सोडा.